लिटर, किलो, मिनिटं: विमानाचं इंधन स्वतः मोजायला शिका

जुलैतल्या एका संध्याकाळी मी सिम्युलेटरवर दिल्लीहून मुंबईला एअरबसचं ए३२० निओ विमान आणत होतो. टाकीत ६ टन इंधन होतं. ६ टन का, याला काही कारण नव्हतं. स्लायडर तिथे थांबला आणि आकडा पुरेसा वाटला. मुंबईवर पाऊस, उतरणाऱ्यांची रांग, वीस मिनिटं घिरट्या. मग २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर खाली आलो, दिवे दिसलेच नाहीत, गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेलो, आणि अहमदाबादकडे वळलो. डहाणूच्या पुढे दोन्ही इंजिनं बंद पडली.

आमच्या विलेपार्ल्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. सांताक्रूझ आणि सहार, दोन्हीकडे विमानात इंधन भरण्याच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "सहा टन म्हणजे किती मिनिटांचं रे?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं की मुंबईवर पोचल्यावर माझ्याकडे फक्त चाळीस मिनिटांचं इंधन उरणार होतं, आणि त्यातल्या तीस मिनिटांना हात लावायचाच नसतो. उरली दहा. हे मला दिल्लीत इंजिन सुरू करण्याआधी माहीत असायला हवं होतं.

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाचं इंधन मी आधी हाताने मांडतो आणि मगच हिशेब करून देणारा प्लॅनर उघडतो. पद्धत खाली देतो आहे. आकडे सिम्युलेटरवर शिकण्यासाठी गोल केलेले आहेत. खऱ्या विमानासाठी त्या विमानाची आणि कंपनीची अधिकृत पुस्तकंच चालतात.

आधी तीन मापं डोक्यात बसवा

इंधन भरणारा माणूस लिटरमध्ये बोलतो, कारण मीटर लिटर मोजतो. विमान किलोमध्ये बोलतं, कारण पंखांना वजन उचलायचं असतं आणि इंजिनाला ऊर्जा वजनावर मिळते. आणि वर गेल्यावर वैमानिकाला हवी असतात मिनिटं. एकाच तेलाची ही तीन मापं आहेत, आणि घोटाळा बहुतेक वेळा एका मापातून दुसऱ्यात जाताना होतो.

लिटर आणि किलो यांना जोडते ती डेन्सिटी. जेट ए-१, ज्याला आपल्याकडे सगळे एटीएफ म्हणतात, ते मुळात शुद्ध केलेलं रॉकेलच. १५ अंश सेल्सिअसला त्याची डेन्सिटी लिटरमागे ०.७७५ ते ०.८४० किलो या मर्यादेत असते. तेल तापलं की फुगतं आणि डेन्सिटी उतरते. मुंबईच्या हवेत मी ०.७८५ धरतो. फरक लहान दिसतो, पण १०,००० लिटरला ०.८० ने गुणलं तर ८,००० किलो आणि ०.७८ ने गुणलं तर ७,८००. हे २०० किलो म्हणजे ए३२० साठी घिरट्यांची पाचेक मिनिटं.

किलो आणि मिनिटं यांना जोडतो तो इंधनाचा खप. ए३२० निओ कमी उंचीवर घिरट्या घालताना ताशी साधारण २,२०० किलो खातं असं धरा, म्हणजे मिनिटाला ३७ किलोच्या आसपास. हा आकडा पाठच करा. पुढे पदोपदी लागेल.

मापांच्या गोंधळाने काय होतं याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला कॅनडातला. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोईंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं. विमानातली इंधन दाखवणारी यंत्रणा चालत नव्हती, म्हणून टाकीत काठीने मोजलं: ७,६८२ लिटर. गरज होती २२,३०० किलोची. लिटरचे किलो करताना वापरायला हवा होता ०.८०३. वापरला गेला १.७७, जो लिटरमागे पौंडांचा आकडा होता. त्या हिशेबाने टाकीत १३,५९७ 'किलो' आधीच आहेत असं वाटलं आणि फक्त ४,९१६ लिटर भरलं गेलं. खरा हिशेब केला असता तर सुमारे २०,०८८ लिटर भरावे लागले असते. वाटेत दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि फर्स्ट ऑफिसर मॉरिस क्विंटल यांनी विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि विमानातले सर्व ६९ जण वाचले. हा गुणाकार स्वतः एकदा कॅल्क्युलेटरवर करून पाहा. वाचून जे कळत नाही ते हाताने केल्यावर कळतं.

पायरी १: इंधनाशिवायचं वजन

प्रवासी, सामान, माल आणि विमान मिळून जे वजन होतं ते झिरो फ्युएल वेट. आपल्या उदाहरणात ६०,००० किलो धरू. सिम्युलेटरमध्ये हे आधी पक्कं करा. प्रवासी नंतर चढवलेत तर विमान जड होतं, खप वाढतो आणि आधी केलेला सगळा हिशेब खोटा पडतो.

पायरी २: यादी मांडा

इथे घाई करू नका. दिल्ली ते मुंबई, जुलै, संध्याकाळ.

टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं. दिल्लीचा पसारा मोठा आहे. वीस मिनिटं धरा, मिनिटाला १२ किलो, म्हणजे २४० किलो.

ट्रिप. चाकं उचलल्यापासून मुंबईत टेकेपर्यंतचं इंधन. या अंतराला आणि वजनाला ४,३०० किलो धरू. पहिल्यांदा हा आकडा प्लॅनरमधूनच घ्यावा लागेल. दोन-चार उड्डाणं नोंदवली की तुमच्या विमानाचा स्वतःचा अंदाज तयार होतो.

कंटिन्जन्सी. वारा उलटा निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, वळसा पडला, अशा गोष्टींसाठी. ट्रिपच्या ५ टक्के, पण १,५०० फुटांवर पाच मिनिटं घिरट्या घालायला लागेल त्यापेक्षा कमी नाही. ४,३०० चे ५ टक्के होतात २१५, पाच मिनिटांचे होतात साधारण १८५. मोठा आकडा घ्या: २१५.

अल्टरनेट. मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे? हा या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सिम्युलेटरवाले त्याला सगळ्यात कमी वेळ देतात. जवळचं म्हणून पुणे लिहून मोकळे होतात. पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, उभं राहायला जागा मोजकी, आणि मुंबई बंद झाली की सगळ्यांनाच एकदम जागा हवी असते. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेलं नवी मुंबई विमानतळ तर इतकं जवळ आहे की सहारवर कोसळणारा ढग तिथेही असण्याची शक्यता मोठी. अल्टरनेट असा हवा जिथलं हवामान मुंबईपासून वेगळं चालतं. मी पावसाळ्यात अहमदाबाद घेतो. अंतर साधारण २४० सागरी मैल, गो-अराउंड आणि चढण धरून १,९०० किलो. दक्षिणेकडून येत असाल तर गोवा किंवा हैदराबाद पाहा, आणि तिथलं हवामान निघण्याआधी वाचा. अल्टरनेटवर वादळ असेल तर कागदावर लिहिलेले १,९०० किलो उपयोगाचे नाहीत.

फायनल रिझर्व्ह. जेट विमानाला १,५०० फुटांवर तीस मिनिटं. आपल्या आकड्याने १,१०० किलो. हे वापरण्यासाठी नसतं. उतरल्यावर ते टाकीत शिल्लक असायला हवं.

आतापर्यंत: २४० + ४,३०० + २१५ + १,९०० + १,१०० = ७,७५५ किलो. नियमाप्रमाणे एवढ्यावर निघता येतं.

आता एक्स्ट्रा, म्हणजे तुमचा निर्णय. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि उतरणं-उडणं सगळं तिच्यावर होतं. एखादं विमान तिथे अडकलं की वर रांग वाढत जाते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान २७ वर उतरून पुढे घसरलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत सगळा भार १४/३२ वर होता. त्या रात्री मुंबईकडे निघालेल्या प्रत्येक विमानात एक्स्ट्राचा आकडा कोणीतरी काही तास आधी ठरवलेला होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

जुलैच्या संध्याकाळी मी वीस मिनिटं घेतो: ७३५ किलो. बेरीज ८,४९०. ८,५०० भरा.

पायरी ३: वजनाची मर्यादा तपासा

टॅक्सीचं वजा केलं की उडताना ८,२६० किलो. ६०,००० अधिक ८,२६० म्हणजे ६८,२६०. ए३२० निओची ७९,००० ची मर्यादा खूप लांब. उतरताना ६३,९६०, मर्यादा ६७,४००. दोन्ही बसतात. छोट्या पल्ल्याला टाकी पूर्ण भरण्याची सवय असेल तर इथेच अडकाल. या विमानाच्या टाक्या भरल्या तर साधारण १८.६ टन मावतात, आणि मग मुंबईवर येईपर्यंत विमान उतरण्याच्या मर्यादेपेक्षा सहा-सात टनांनी जड असेल. ए३२० ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते, हे लक्षात ठेवा.

पायरी ४: आता प्लॅनर

सिमब्रीफ उघडा. पहिलं काम म्हणजे एकक किलो आहे का ते पाहणं. पौंडात आलेला कागद किलो समजून भरला तर विमानात दुपटीहून जास्त इंधन जातं. कंटिन्जन्सी ५ टक्के, रिझर्व्ह ३० मिनिटं, अल्टरनेट स्वतः निवडलेला, एक्स्ट्रा मिनिटांत. निघालेला आकडा तुमच्या हाताच्या बेरजेपासून दोन-तीनशे किलोंनी हलला तर ठीक आहे. हजाराने हलला तर का हलला ते सापडेपर्यंत निघू नका. बहुतेक वेळा वजन तरी चुकलेलं असतं, नाहीतर अल्टरनेट.

पायरी ५: प्रत्यक्ष भरणं

समजा आपण मुंबईत उतरलो, वीस मिनिटं घिरट्या पडल्याच, आणि स्टँडवर, म्हणजे विमान उभं करण्याच्या जागेवर, टाकीत ३,१३० किलो शिल्लक दिसतंय. रात्री परत दिल्ली, त्यासाठी ८,४०० किलो लागतील. भरायचे ५,२७०. ०.७८५ ने भागा: ६,७१३ लिटर. काकांना हा आकडा लागतो.

त्यांनी काम सांगितलं ते असं. मुंबईचं एटीएफ माहुलच्या रिफायनऱ्यांकडून पाइपलाइनने विमानतळाच्या टाक्यांत येतं, आणि तिथून जमिनीखालच्या हायड्रंट लाइनने स्टँडपर्यंत. विमानाशेजारी येणारी गाडी ही बहुतेक वेळा टँकर नसते, ती डिस्पेन्सर असते. तिच्या पोटात विकायचं तेल नसतं. जमिनीतल्या पिटला एक होज, म्हणजे जाड नळी, जोडायचा, तेल गाडीतल्या फिल्टरमधून आणि मीटरमधून जातं, दुसरा होज पंखाला. हायड्रंट नसलेल्या लांबच्या स्टँडवर मात्र टँकर लागतो.

गाडी अशी लावायची की संकट आलं तर मागे न घेता सरळ पुढे निघता येईल. होजच्या आधी बाँडिंगची केबल, कारण तेल फिल्टरमधून वाहताना स्थिर वीज तयार होते आणि विमान व गाडी एकाच विद्युत पातळीवर असायला हवेत. "केबल आधी लागते आणि सगळ्यात शेवटी सुटते," काका म्हणाले. "नवीन पोराला आम्ही पहिला आठवडा दुसरं काही शिकवत नव्हतो."

मग पाण्याची तपासणी. काचेच्या बरणीत नमुना घेऊन उजेडात धरायचा. तेल स्वच्छ आणि चमकदार दिसलं पाहिजे, गढूळपणा नको, तळाला थेंब नको. नंतर सिरिंजच्या तोंडाला छोटी कॅप्सूल लावून तेल ओढायचं. कॅप्सूलमधला कागद पिवळा राहिला तर ठीक, हिरवट झाला तर तेलात पाणी आहे आणि काम तिथेच थांबतं. ही बरणी उजेडात धरण्याची खूण करताना काकांचा हात अजूनही आपोआप खांद्याच्या वर जातो.

तेल सुरू असताना ऑपरेटरच्या हातात डेडमॅन स्विच असतो. दाबून धरलं तरच तेल जातं, सोडलं की बंद. ए३२० ची नोझल उजव्या पंखाखाली लागते आणि पॅनल उजव्या बाजूला पोटाजवळ. पॅनलवर हवा तो आकडा किलोमध्ये आधी लावतात. तेवढं भरलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतात आणि 'एंड'चा दिवा लागतो. प्रवासी आत असताना भरायचं असेल तर त्यांना पट्टे सोडून बसायला सांगतात आणि बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवतात.

शेवटी पावती: किती लिटर गेलं आणि डेन्सिटी किती. गुणाकार करायचा, आधीची शिल्लक मिळवायची आणि कॉकपिटमधल्या आकड्याशी ताडून पाहायचं. ६,७२० लिटर गुणिले ०.७८५ म्हणजे ५,२७५ किलो. अधिक ३,१३०, बरोबर ८,४०५. गेजवर याच्या जवळपास दिसलं पाहिजे. गिमलीच्या त्या उड्डाणात गेज चालत नव्हतं, त्यामुळे ताडून पाहायला दुसरं मापच उरलं नव्हतं.

सिम्युलेटरमध्ये हे सगळं एका बटणात उरकतं. मी उरकू देत नाही. फ्लायबायवायर या गटाने सिम्युलेटरसाठी बनवलेल्या ए३२० मध्ये टॅब्लेटवर इंधन भरण्याचा वेग 'रिअल' ठेवता येतो. तेवढ्या वेळात गेज चढताना पाहा आणि लिटरचा गुणाकार कागदावर करा. साध्या विमानांत स्लायडर असतील तर गॅलन दिसतील: अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. टाक्यांचा क्रमही पाळा. ए३२० च्या पंखांत मिळून साधारण १२ टन मावतं, तेव्हा ८,४०० किलो सगळं पंखांत, मधली टाकी रिकामी. पंखातल्या तेलाचं वजन उड्डाणात पंख वर वाकण्याला आवर घालतं, म्हणून आधी पंख भरतात. बोईंग ७३७-८०० मध्ये मधल्या टाकीत ४५३ किलोंपेक्षा जास्त असेल तर पंखांच्या टाक्या भरलेल्याच हव्यात.

जास्तीचं भरून न्यावं का?

एटीएफचे दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात आणि राज्याराज्यांच्या व्हॅटमुळे शहरागणिक वेगळे पडतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी एटीएफवरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, यावरून हा विषय किती मोठा आहे ते दिसेल. स्वस्त गावी जास्त भरून महाग गावी कमी घेणं म्हणजे टँकरिंग. पण जास्तीचा प्रत्येक टन वाहून न्यायला तासाला तीस-चाळीस किलो जळतात. ओल्या धावपट्टीवर जड विमान उतरवणं मला पटत नाही, म्हणून पावसाळ्यात मी हे करत नाही.

पायरी ६: वर गेल्यावर

दर अर्ध्या तासाने, किंवा प्लॅनमधल्या ठरावीक बिंदूंवर, दोन गोष्टी लिहा: टाकीत किती आहे आणि इंजिनांनी किती खाल्लं. दोन्हींची बेरीज निघतानाच्या आकड्याएवढी यायला हवी. कमी येत असेल तर तेल कुठेतरी गळतंय. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटच्या ए३३० मध्ये अटलांटिकवर गळती झाली. एका बाजूचं इंधन कमी दिसलं म्हणून दुसऱ्या बाजूचं तिकडे वळवलं गेलं आणि तेही गळून गेलं. विमान इंजिनांशिवाय तरंगत अझोर्समध्ये उतरलं, सर्व ३०६ जण वाचले. डावी-उजवी बाजू असमान दिसली तर आधी ही बेरीज करा, मगच एका बाजूचं इंधन दुसरीकडे देणाऱ्या क्रॉसफीडला हात लावा.

मुंबईजवळ येताना एक आकडा कागदावर गोल करून ठेवा: अल्टरनेट अधिक फायनल रिझर्व्ह, आपल्या बाबतीत ३,०००. गो-अराउंड करतेवेळी एवढं हातात हवं. घिरट्यांच्या जागेवरून खाली येऊन धावपट्टीपर्यंत पोचायलाच अडीच-तीनशे किलो जातात, म्हणून होल्डमध्ये, म्हणजे घिरट्या घालताना, माझा आकडा ३,३०० असतो. त्या आकड्यावर आलो आणि कंट्रोलरने अजून वेळ सांगितला, तर अहमदाबाद. 'अजून एक फेरी बघू' ही चर्चा तिथे होत नाही, कारण ती दिल्लीत बसून झालेली असते.

दोन शब्दप्रयोग पाठ करा आणि ऑनलाइन नेटवर्कवर उडताना योग्य वेळी वापरा. एकाच विमानतळावर उतरायचं पक्कं झालंय आणि आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागेल, तेव्हा 'मिनिमम फ्युएल'. त्याने प्राधान्य मिळत नाही, फक्त कंट्रोलरला परिस्थिती कळते. फायनल रिझर्व्हपेक्षा कमी घेऊन उतरणार हे हिशेबात दिसलं, की 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. हे स्पष्ट शब्दांत बोलणं किती महत्त्वाचं आहे ते २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ दिसलं. आव्हियान्काचं बोईंग ७०७ बराच वेळ होल्डमध्ये होतं. इंधन संपत आल्याचं सांगितलं गेलं, पण आणीबाणी जाहीर केली गेली नाही. ७३ माणसं गेली.

पायरी ७: उतरल्यावर

इंजिनं बंद केली की वहीत एक ओळ: ट्रिपचा अंदाज, खरा खप, घिरट्यांची मिनिटं, शिल्लक किलो, वापरलेली डेन्सिटी. माझ्या वहीत दिल्ली–मुंबईच्या अशा एकतीस ओळी आहेत. जून ते सप्टेंबरच्या ओळी मी निळ्या शाईने लिहितो, आणि पुढच्या पावसाळ्यात एक्स्ट्राची मिनिटं ठरवताना फक्त त्याच वाचतो.